कपाळावरची पांढरी जागा

नौपाडा, ठाणे
१२ डिसेंबर १९५४

चि. सरोज,
आशीर्वाद.

बाबा गेल्याचं कळवलं, त्यानंतर आज प्रथमच लिहिते आहे. तू तेव्हा आली नाहीस. येऊन दारातच उभं राहावं लागेल असं तुला वाटलं असेल. खरं सांगायचं तर कोणी तुला आत बोलावलं असतं की नाही, हे मलाही तेव्हा नक्की ठाऊक नव्हतं. तू गोपीनाथांशी लग्न केल्यापासून बाबांनी घरात तुझं नाव घेऊ दिलं नाही, आणि आम्हांला त्याची सवय होऊन गेली होती. ठाकुर्ली काही लांब नाही. तरी मी एकदाही आले नाही, हे मी विसरलेली नाही.

आई बरी आहे. जेवण कमी झालंय, पण झोप लागते. वर्ष होईपर्यंत घराबाहेर पाऊल टाकायचं नाही असं तिनं ठरवलंय, आणि त्यात ती माझं ऐकत नाही. केस काढायचे नाहीत, अलवण नेसायचं नाही, एवढं मी तेराव्याच्या आधीच सगळ्यांना बजावलं होतं. तेवढं तरी झालं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. बाहेरच्या खोलीत तू काढलेलं आईचं चित्र आहे ना, त्यातलं कुंकू पुसलं आहे. आईचीच तशी इच्छा होती. माणसं भेटायला येतात, त्यांच्या समोरच ते चित्र, आणि त्याच्या खाली आई अशी बसलेली. तिला ते बरं वाटेना. चित्र तुझं, म्हणून तुला कळवणं माझं कर्तव्य समजते.

त्या चित्राचं कसं ठरलं होतं ते परवा आठवत होते. बाबांना मोठ्या वकिलांच्या दिवाणखान्यात असतं तसं तैलचित्र हवं होतं, आणि तेलाचा वास मात्र नको होता. टर्पेंटाइनची बाटली उघडली की त्यांना दम्याची ढास लागायची. कागदावर काढते म्हणालीस, तर बाबा म्हणाले, कागदावरचं चित्र म्हणजे कॅलेंडर. शेवटी तू मांजरपाट आणून चौकटीवर ताणलंस आणि त्यावर पाण्याचे रंग चालवायचे ठरवलेस. तुझ्या चित्रशाळेतल्या मास्तरांनी वेड्यात काढलं म्हणे. अस्तराला हाडांचा सरस शिजवायला घेतलास तेव्हा आई स्वयंपाकघराच्या दारात आडवी उभी राहिली. "सरस कशाचा करतात ते मला ठाऊक आहे. माझ्या शेगडीवर नाही." मग गव्हाच्या पिठाची खळ आणि चाळलेला खडू. त्या अस्तरावर तू आईला बसवलंस.

लुगड्याचा रंग तू तीनदा बदललास. बाबा म्हणाले, "लुगडं बदलतेस तसा हिचा स्वभाव बदलता आला तर बघ." आई म्हणाली, "आधी त्यांचं नाक काढ. कापड पुरायचं नाही."

तू तेव्हा मला दाखवलं होतंस. कागद रंग पिऊन टाकतो, या कापडावर तो नुसता वर बसतो, ओलं फडकं लावलं की उठून येतो. शेवटी वार्निशचा हात देऊन रंग पक्का करणार होतीस. पण वार्निशलाही वास होता, आणि पुढे तू गेलीसच. म्हणून पुसायला काही त्रास पडला नाही.

आई म्हणते, जमलं तर येऊन जा.

एक सहज विचारते. चेहऱ्याच्या कातडीचा रंग तू कशात काय मिसळून करायचीस? तुझी जुनी पेटी माळ्यावर सापडली. पिवळ्या मातीच्या रंगाची वडी अजून बरीच शिल्लक आहे.

तुझी,
ताई


नौपाडा, ठाणे
२ जानेवारी १९५५

चि. सरोज,

तुझं कार्ड मिळालं. इतक्या वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. 'स' अजून तसाच काढतेस.

तू लिहितेस: "आईनं पुसायला सांगितलं असेल तर ठीक आहे, चित्र तिचं आहे. पण माझ्या हातचं एवढंही तिला डोळ्यांसमोर नको असेल तर मी तिथे येऊन काय करू? मी येत नाही. आणि पुसलंच आहे तर कातडीचा रंग कशाला हवा?"

हे मी आईला वाचून दाखवलं नाही. तुझ्या शाळेत परीक्षा आहेत, इतक्यात जमणार नाही, असं सांगितलं. आई म्हणाली, "डोंबिवलीच्या शाळेत नाताळात परीक्षा घेतात?" मी म्हटलं, चित्रकलेच्या घेतात.

सरोज, मी त्या पत्रात घाईनं लिहिलं. आईची इच्छा म्हणजे आईनं तोंडानं सांगितलं असं नाही. दिवाळीनंतर गोदूआत्या कल्याणहून आली होती. बाबांची ही थोरली बहीण सोळाव्या वर्षी विधवा झाली, तेव्हाच तिचं केशवपन झालं, आणि डोक्यावरचा पदर आजवर तिनं कोणासमोर ढळू दिलेला नाही. ती चित्रापुढे बराच वेळ उभी होती. जाताना बोलूनही गेली. त्या वळणाचं माणूस असल्या चित्रापुढे उभं राहून काय बोलणार, ते तूच समज. त्यानंतर चित्र तसं ठेवणं मला जमलं नाही. पुसलं मी. हात माझा होता, हे मी नाकारत नाही. तेव्हा आईवर रागावू नकोस. राग धरायचा तर माझ्यावर धर, किंवा आत्यावर धर. आत्याला कोणाच्या रागानं आता काही होत नाही.

कातडीच्या रंगाचं विचारलंस, म्हणून सांगते. त्या जागी तू कातडीचा रंग दिलाच नव्हतास. तेवढा गोल कोरा सोडून त्यात लाल भरला होतास. म्हणूनच तो इतका तेजदार दिसायचा, हे मला आज कळतं आहे. लाल निघाला आणि खालून अस्तराचा खडू उघडा पडला. आता कपाळावर पांढरा ठिपका दिसतो. दारातून आत येणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते. कुंकू होतं तेव्हा इतकी जात नव्हती. तो ठिपका झाकावा एवढंच माझ्या मनात होतं.

तुला वाटेल, ताईला आता सारवासारव करत बसायची सवय लागली. वाटू दे. पण तू ये. आई तुझ्या पत्राची वाट पाहते. पोस्टमन येऊन गेला की विचारत नाही, माझ्या हातांकडे बघते.

तुझी,
ताई


नौपाडा, ठाणे
१६ जानेवारी १९५५

चि. सरोज,

गोपीनाथ संक्रांतीला येऊन गेले. तिळगूळ पोचला. तुझ्या हातच्या वड्या आईनं दोन खाल्ल्या. बाबांचं वर्ष व्हायचं आहे म्हणून आम्ही यंदा काही केलेलं नाही.

इथे जे बोलणं झालं ते त्यांनी तुला सांगितलंच असेल. ते खरं मानू नकोस. आज एवढंच. कार्डावर जागा नाही.

ताई


नौपाडा, ठाणे
३० जानेवारी १९५५

चि. सौ. सरोज,

आधीच्या पत्रांत तुझ्या नावामागे मी 'सौ.' लिहिलं नव्हतं. तुझ्या ते लक्षात आलं असेल. विसरून राहिलं नव्हतं.

कार्डावर जागा नव्हती हेही खरं नाही. घरात पाकिटं होती. आज पाकीट घेऊन बसले आहे, आणि यातलं एक पान मी आधी दोनदा फाडलं आहे, कारण दोन्ही वेळा लिहिता लिहिता माझीच बाजू बरी दिसायला लागली. मला रात्री रोजनिशी लिहायची सवय आहे, तुला ठाऊक आहे. चूक लिहून काढली की कबूल केल्यासारखं वाटतं आणि झोप लागते. पण रोजनिशी कोणाला पोचत नाही. म्हणून हे तुला.

आधी संक्रांतीचं सांगते, कारण गोपीनाथांनी जे पाहिलं तेवढंच ते सांगू शकले असतील.

माझ्या शाळेला सुट्टी होती. दार वाजलं म्हणून उघडलं, तर हातात पितळी डबा घेऊन ते उभे. मी ओळखलं नाही.

"मी गोपीनाथ. ठाकुर्लीवरून आलेलो. सरोजनं तिळगूळ दिलाय."

आतून आईनं विचारलं, "कोण आहे गं?"

तुझे यजमान आहेत, आपले जावई आहेत, हे काही माझ्या तोंडातून निघेना. मी म्हटलं, "ठाकुर्लीहून." आई भिंतीला धरून उठली, डोक्यावर पदर घेतला आणि बाहेर आली. तिनं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"उभे का? बसा. शुभा, चहा टाक."

ते खुर्चीच्या अगदी कडेला बसले. चित्राच्या बरोबर समोर. मी स्वयंपाकघरात होते, पण मधलं दार उघडं होतं.

"पॉवर हाउसात आहात ना तुम्ही? फार उकडतं म्हणतात तिथे."

"बॉयलरजवळ उकडतंच. सवय झाली आता."

"आणि पोर काय म्हणते?"

"जया? दिवसभर पाटीवर माणसं काढते. सगळ्यांना मिश्या."

"बायकांनासुद्धा?"

"बायकांना पयल्या."

आई हसली. बाबा गेल्यावर मी ते प्रथम ऐकलं. चहा घेऊन बाहेर आले तेव्हाही ती पदर तोंडाला लावून हसत होती, आणि तेही हसत होते, आणि मला वाटलं, हे इतकं सोपं होतं.

मग त्यांनी वर चित्राकडे पाहिलं. कपाळाकडे बघत राहिले. मग आईकडे पाहिलं, आणि मग खाली.

"सरोजला राग नाय आला," ते म्हणाले. "वाईट वाटलंय तिला. ती बोलली, आईनंच पुसायला लावलं तर मी जाऊन काय करू. ताईंनी मागनं दुसरं लिवलं, आत्याबाई काय बोलल्या ते. तर ती बोलते, आत्या बोलली आणि आईनं ऐकलं, एकच झालं. म्हटलं, मी तरी भेटून येतो."

आईच्या हातात कप होता. तो तिनं खाली ठेवला. पहिल्या पत्रात मी तुला काय लिहिलं होतं ते तिला तेव्हा कळलं. मी समोर तिळगुळाची ताटली धरून उभी. तिनं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही पाहिलं. मग त्यांच्याकडे वळून म्हणाली,

"मीच सांगितलं पुसायला. म्हातारपणी माणसाचं डोकं फिरतं. तिला म्हणावं, आईचं चुकलं."

"तुम्ही असं नका बोलू," ते म्हणाले.

"चुकलं तर बोलायला नको?"

मी त्या वेळी तोंड उघडलं नाही. निघताना त्यांनी माझ्या हातावर वडी ठेवली. "तिळगूळ घ्या," म्हणाले. पुढचं म्हटलं नाही. चपला घालून गेले.

आता त्या दिवसाचं.

बाबा होते तोवर आई सकाळी फणेरपेटी घेऊन बसायची. बाबा गेल्यावर तिनं ती पेटी माळ्यावर टाकायला लावली, आरशासकट. पण केस तर होते. मग ती तुझ्या चित्रापुढे पाट मांडून बसायला लागली आणि तिथे अंबाडा बांधायला लागली. मी एकदा म्हटलं, आरसा काढून देते. म्हणाली, "नको, हे बरं आहे. यात मी म्हातारी होत नाही." मी चहाचा कप शेजारी ठेवायची. तो निवायचा. ती चित्राशी बोलायची असं नाही म्हणणार, पण तिथे बसली असताना माझ्याशी बोलायची नाही.

एका सकाळी तिथूनच तिनं हाक मारली. "शुभा, सरूला पत्र लिही. मी सांगते तसं लिही." मी कागद घेऊन बसले. तिनं सांगितलं ते असं होतं:

"सरू, माझ्या कपाळावरचं गेलं. तू लावलेलं राहिलंय. मी रोज सकाळी त्याच्यापुढे बसून केस बांधते. एकदा ये."

हे तुला नोव्हेंबरात मिळायला हवं होतं. मी दुसऱ्या वाक्यापाशी थांबले. शाई संपली म्हणाले. शाई होती.

का थांबले ते लिहिते. बाबा गेले त्यानंतरच्या दिवसांत मी आईपुढे बसून विनवण्या केल्या होत्या. आई, कुंकू तुझं आहे, लहानपणापासून लावतेस, बाबांचा त्यात काय संबंध. महिला मंडळात मी याच विषयावर बोलले होते आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आई म्हणाली, "तू शिकलेली आहेस, तुला बोलता येतं. मला चार माणसांत राहायचंय." आणि स्वतःच्या हातानं पुसून मोकळी झाली. ठीक, तिचा निर्णय, असं मी स्वतःला समजावलं. आणि मग मी बघत होते की माझ्या सांगण्यानं तिनं जे ठेवलं नाही, ते तुझ्या हातचं म्हणून ती रोज सकाळी डोळे भरून बघत होती. बाबांच्या दम्यात उशापायथ्याशी बसून सगळी सेवा मी केली. तिच्याजवळ मी राहिले. तू गेलीस तेव्हा बाबांपुढे तुझ्या बाजूनं एक शब्द मी बोलले नाही, कारण मला इथेच राहायचं होतं. आणि एवढं करून तिच्या पत्रात तू होतीस.

त्याच दुपारी ती आत पडली होती. चित्रावर धूळ बसली आहे असं मी स्वतःला सांगितलं आणि वाटीत पाणी घेतलं. धुळीला पाणी लागत नाही, कोरडं फडकं पुरतं. आधी खालच्या कोपऱ्यात, लुगड्याच्या काठाला, ओलं बोट लावून पाहिलं. रंग बोटावर आला. म्हणजे पुढे काय होणार ते मला माहीत होतं. तरी फडकं बोटाला गुंडाळून वर नेलं. कुंकू इतकं सहज आलं की मी मागे सरले. जसं खऱ्या कपाळावरून येतं तसंच.

एक क्षण मला बरं वाटलं. हे लिहिलं नाही तर हे पत्रही पहिल्या पत्राच्याच जातीचं होईल.

आई उठून बाहेर आली. चित्राकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं. "पुसलंस?"

"धूळ होती."

"बरं."

त्या दिवसापासून ती स्वयंपाकघरात, भिंतीकडे तोंड करून, चाचपून अंबाडा बांधते. चित्रापुढचा पाट मी उचलून ठेवला.

पत्र टाकलंस का, असं तिनं दोन दिवसांनी विचारलं. तिनं सांगितलेलं वाक्य आता लिहिता येत नव्हतं, ते खोटं झालं असतं. म्हणून मी तुला दुसरं खोटं लिहिलं. आईची इच्छा होती, म्हणून.

गोदूआत्याचंही सांगते. ती बोलून गेली असं मी लिहिलं, आणि काय बोलली ते तुझ्यावर सोडलं. फसवायचं असलं की मी शब्द फार जपून वापरते, हे मला या महिन्यात कळलं. आत्या चित्रापुढे उभी होती, आणि म्हणाली, "छान दिसतं गं. हे असंच राहू दे हो. माझं कोणी असं काढून ठेवलं असतं तर मी कशी दिसत होते ते मलाही कळलं असतं." हे बोलून डोळे पुसत गेली. पुसायचं माझ्या मनात यायच्या आधी कितीतरी दिवसांची ही गोष्ट. तिच्यावर राग धर असं मी तुला लिहिलं होतं.

चित्राची आजची स्थिती अशी आहे. मी दर रविवारी तुझ्या पेटीतला पिवळा, त्यात थोडा तांबडा घेऊन ठिपका भरायला बघितलं. ओला कुंचला टेकला की आजूबाजूची कातडी विरघळते. ती सावरायला गेले की पलीकडची. आता पांढरा डाग रुपयाएवढा आहे आणि उजवी भुवई अर्धी गेली आहे. गोपीनाथांनी ते पाहिलं, आणि बहुतेक तुला सांगितलं नाही. डोळे मात्र तू केलेस तसेच आहेत. तिथपर्यंत मी गेले नाही.

संक्रांतीच्या संध्याकाळी मी आईला विचारलं, तू का गं असं सांगितलंस त्यांना. ती तांदूळ निवडत होती.

"मग काय सांगू? जावयासमोर तुला खोटी पाडू?"

"अगं, पण अशानं सरू यायची नाही."

"नाही आली तर तिच्या घरी आहे. तिला नवरा आहे, पोर आहे." ताटातले खडे तिनं एका बाजूला केले. "तुला कोण आहे?"

सरोज, तिला तू हवी आहेस. किती, ते मी चार ओळींत ऐकलं आहे आणि दाबून ठेवलं आहे. आणि मला उघडं पाडायला नको म्हणून ती तुझ्यावर पाणी सोडून बसली आहे. हे पाहिल्यावरही मला लिहायला पंधरा दिवस लागले. रोज शाळेत जाते, मुलींना निबंध तपासून देते, घरी येते, आणि ती मला गरम पोळी वाढते.

हे सगळं लिहून तुझ्या मनात मी पुन्हा चांगली व्हावी, असा डाव यात आहे का, हेही मी तपासून पाहिलं. थोडा आहे. तो वजा करून बाकीचं वाच.

तू ये. मला भेटावं लागेल म्हणून थांबू नकोस. शाळेच्या दिवसांत मी साडेदहाला निघते आणि साडेपाचच्या आत परत येत नाही. उशीर कर म्हणालीस तर उशीर करीन. त्या वेळात आई एकटी असते. जयाला घेऊन ये. चित्र न्यायचं असेल तर घेऊन जा, आईला मी समजावीन. पुन्हा रंगवायचं असेल तर पेटी त्याच खोलीत ठेवली आहे. मी आल्यावर काही विचारणार नाही.

तुझी,
शुभदा

ता. क.

वरचं सगळं मी आत्ता आईला वाचून दाखवलं. बाबांच्या आजारपणाचं आलं तिथे ती म्हणाली, "ते खरं आहे, ते राहू दे." आत्याचं आलं तिथे डोळे मिटून बसली. तिनं सांगितलेल्या चार ओळी वाचल्या तेव्हा म्हणाली, "हो, असंच म्हटलं होतं मी." शाळेच्या वेळांपाशी आले तेव्हा तिनं हात वर केला.

"ते काढून टाक."

मी म्हटलं, काढलं तर खाडाखोड दिसेल.

"मग राहू दे. खाली लिही. मी सांगते तसं लिही, आणि आज शाई संपली म्हणू नकोस."

पुढचे शब्द आईचे आहेत. मी काना-मात्रा बदललेली नाही.

"सरू, रविवारी ये. शुभा घरी असते तेव्हा ये. ती नसताना आलीस तर मी दार उघडणार नाही. चित्राचं तुम्ही दोघींनी बसून काय ते ठरवा, मला मध्ये घेऊ नका. भांडायचं असेल तर जेवण झाल्यावर भांडा. वर्ष होईस्तोवर मला बाहेर पडता येत नाही, नाहीतर मी आले असते आणि हिला घेऊन आले असते."